लोगो सगळ्यात शेवटी: छोट्या व्यवसायाची आणि ब्लॉगची ओळख कुठल्या क्रमानं घडवायची

लोगो करून घ्यायला येणारं माणूस बहुतेकदा मोबाइल पुढे करतं आणि एखादं चित्र दाखवून म्हणतं, "अगदी असंच, फक्त नाव आमचं टाका." नाव पक्कं झालंय का? जवळजवळ. पाटी किती बाय किती फुटांची? ते नंतर बघू. पाऊच कसला घेणार? तेही नंतर. प्लॉट घ्यायच्या आधी पडद्यांचं कापड निवडायला बसावं, तसा हा प्रकार. मग सहा महिन्यांत लोगो बदलतो, छापलेली लेबलं माळ्यावर जातात आणि खापर फुटतं डिझाइनवर. चूक बहुतेक वेळा क्रमाची असते.

म्हणून खाली क्रमच दिलाय. उदाहरणाला एक घरगुती मसाल्यांचा धंदा घेऊ आणि समजा नाव मनात आहे 'खलबत्ता'. हे नाव तुम्ही घ्यावं असा सल्ला मुळीच नाही. देवनागरी लोगोतले बरेचसे खड्डे या एकाच शब्दात सापडतात, म्हणून ते निवडलं. ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी जिथे वेगळं करायचंय, तिथे तसं सांगितलंय.

टप्पा १. नाव कुठे कुठे दिसणार, त्याची यादी

वहीचं एक पान घ्या आणि पुढच्या वर्षभरात हे नाव जिथे जिथे दिसेल त्या जागा लिहा. मसाल्याच्या धंद्यात साधारण अशा: पाऊचवरचं लेबल, बिलबुक, रबरी शिक्का, व्हॉट्सॲपचा डीपी, प्रदर्शनातल्या स्टॉलमागचा फ्लेक्स, कॅरीबॅग, जमलं तर ॲप्रन. ब्लॉगला जागा कमी असतात: साइटचा माथा, ब्राउझरच्या टॅबवरचं इवलंसं चिन्ह, इन्स्टाग्रामचा गोल फोटो, यूट्यूबच्या थंबनेलचा कोपरा.

प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी लिहा: आकार, किती रंग चालतील, कशावर छापणार. ही तीन उत्तरं पुढचे निम्मे निर्णय आपोआप घेतात. शिक्क्याला एकच रंग. बिलबुक बहुतेकदा एकाच रंगात. कॅरीबॅगेवर स्क्रीन प्रिंटिंग केलं तर प्रत्येक रंगाची फ्रेम वेगळी आणि पैसेही वेगळे. ॲप्रनवरच्या भरतकामात केसासारख्या रेषा उतरत नाहीत. डीपी गोल कापला जातो, त्यामुळे चौकोनाच्या कोपऱ्यात ठेवलेलं सगळं जातं.

खाण्याच्या मालाचं लेबल असेल तर आणखी एक काम. निव्वळ वजन, एमआरपी, घटक, लागत असतील तर पोषणमूल्यं, बॅच नंबर, तारखा, पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक, शाकाहारी असल्यास हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, हे सगळं कुठे जाणार ते रिकाम्या पाऊचवर पेन्सिलीनं आखून बघा. उरेल ती लोगोची जागा. ती तुमच्या अंदाजाच्या अर्धीही निघत नाही. आणि तो हिरवा ठिपका 'छान दिसतो' म्हणून लोगोत गुंफायचा नाही.

*तपासा:* यादीतल्या सर्वांत लहान जागेभोवती गोल करा. लोगो तिथे वाचता आला पाहिजे. फ्लेक्सवर काहीही मोठं दिसतं, त्याची काळजी करू नका.

टप्पा २. नाव पक्कं करा, म्हणजे खरोखर पक्कं

आधी कानानं तपासा. पाच जणांना फोन करा, नाव एकदाच उच्चारा आणि सांगा, "हे इंग्रजी अक्षरांत लिहून व्हॉट्सॲपवर पाठवा." 'खलबत्ता'ला कुणी एक टी लावेल, कुणी दोन, कुणी 'ल'नंतर ए घालेल, कुणी गाळेल. 'झणझणीत'सारख्या शब्दाचे तर हाल: झेडनं सुरू करायचं की जे-एचनं, इथूनच वाद. पाच जणांत चार स्पेलिंगं आली तर एकतर नाव बदला, नाहीतर बहुमताचं स्पेलिंग घ्या आणि जमल्यास दुसरं डोमेनही घेऊन पहिल्यावर वळवा. '.भारत' हे देवनागरी डोमेन २०१४पासून मिळतंय. घ्यायला हरकत नाही, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. लोक अजून पत्ता रोमनमध्येच टाइप करतात.

मग शोधा. गुगल, इन्स्टाग्राम, यूट्यूब, ॲमेझॉन आणि शेवटी ट्रेडमार्कची, म्हणजे धंद्याच्या नावाचिन्हांवरच्या कायदेशीर हक्काची, सरकारी नोंद. ती ठेवणाऱ्या आयपी इंडिया या सरकारी साइटवर सार्वजनिक शोध फुकट आहे. तिथे शब्दानं शोधता येतं आणि उच्चारानंही. उच्चाराचा शोध चुकवू नका. 'खलबत्ता' मोकळा असेल, पण 'खलबट्टा' कुणीतरी आधीच घेतलेला असेल. शोधताना वर्ग, म्हणजे माल किंवा सेवेचा प्रकार, द्यावा लागतो. एकूण वर्ग ४५: मालाचे १ ते ३४, सेवांचे ३५ ते ४५. मसाले, पिठं, चहा, बिस्किटं ३०मध्ये, लोणची आणि जॅम २९मध्ये, साबण-सौंदर्यप्रसाधनं ३मध्ये, कपडे २५मध्ये, खानावळ आणि केटरिंग ४३मध्ये, शिकवण्या आणि मनोरंजन ४१मध्ये. मसाल्याबरोबर लोणचंही विकणार असाल तर दोन्ही वर्ग बघा.

इथे एक कडू गोष्ट. 'घरगुती मसाले', 'शुद्ध तूप', 'ताजी भाकरी' अशी नावं मालाचं वर्णन करतात, म्हणून नोंदणीत अडतात. 'सुगरण', 'माहेर', 'शिदोरी', 'अन्नपूर्णा' ही नावं गोड आहेत, पण तालुक्यागणिक सापडतील. खुद्द 'खलबत्ता'ही मसाल्याच्या इतका जवळचा शब्द आहे की त्यावर एकट्यानं हक्क सांगणं सोपं जाणार नाही. मालाशी थेट नातं नसलेला शब्द सुरुवातीला परका वाटतो, पण पुढे तोच राखता येतो.

*सावधान:* काही गोष्टी नावात किंवा चित्रात घेताच येत नाहीत. १९५०चा बोधचिन्हं आणि नावं यांचा अनुचित वापर रोखणारा कायदा आहे. त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं आणि महात्मा गांधींचं नाव व चित्र आहे. धंद्यासाठी ते केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही आणि ट्रेडमार्क म्हणून नोंदताही येत नाही. राष्ट्रध्वज आणि अशोकचक्राचंही तसंच. 'सगळेच लावतात' हे उत्तर नोंदणी कार्यालयात चालत नाही. लाल क्रॉसही घेऊ नका, दवाखान्याचा ब्लॉग असला तरी. ते रेडक्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे.

नाव टिकलं तर लोगोची वाट न बघता शब्दाचा अर्ज करून टाका. अर्ज टीएम-ए, ऑनलाइन भरला तर व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला दर वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. देवनागरी शब्द असेल तर त्याचा उच्चार आणि अर्थही लिहून द्यावा लागतो. नाव आधीपासून वापरात असेल तर कधीपासून, हे प्रतिज्ञापत्रानं सांगायचं असतं. म्हणून पहिलं बिल, पहिलं लेबल, पहिल्या स्टॉलचा फोटो जपून ठेवा.

टप्पा ३. काम कोण करणार आणि लिहून काय घ्यायचं

स्वतः करणार असाल तर कॅनव्हासारख्या साइटवरचं तयार चित्र लोगोत घेताना एवढं लक्षात ठेवा: ते चित्र तुमच्या एकट्याचं नाही. त्याच गावातला दुसरा मसालेवाला तीच मिरची उचलू शकतो आणि तुम्हाला ती ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येणार नाही. तिथला फॉन्ट आणि मांडणी सरावासाठी ठीक. एआयकडून चित्र करून घेतलं तर देवनागरी जोडाक्षरं दहादा वाचा. 'त्ता'च्या जागी ना 'त' ना 'न' असं काहीतरी भलतंच येतं आणि चित्र देखणं असल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

डिझायनरकडे देणार असाल तर टप्पा १ची यादी त्याच्या हातात द्या. तुमच्या आवडत्या दहा लोगोंपेक्षा ती जास्त उपयोगी. आणि चार गोष्टी लेखी ठरवा, ईमेलवर ठरवल्या तरी चालतील: किती पर्याय मिळणार, किती वेळा बदल करून मिळणार, मूळ फाइल मिळणार का, आणि कॉपीराइट कुणाचा.

चौथी गोष्ट लोक सोडतात. पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, असं आपण धरून चालतो. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतरित व्हायला लेखी आणि सही केलेला करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. त्यामुळे करारात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभरासाठी' हे दोन शब्द हवेतच. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या मराठी गिऱ्हाइकांना माल पाठवायचा विचार असेल तर दुसरा शब्द आणखी महत्त्वाचा.

*सावधान:* "लोगो करून द्या, आवडला तर पैसे देईन" म्हणू नका. असं काम घेणारा माणूस जुन्या फोल्डरमधलंच काहीतरी रंग बदलून देतो.

टप्पा ४. अक्षर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. छोट्या धंद्याच्या लोगोत चित्र नसलं तरी चालतं, नाव वाचता आलं नाही तर काहीच चालत नाही. ब्लॉगला तर नीट बसवलेलं नाव हाच लोगो पुरतो.

आता 'खलबत्ता' हा शब्द जवळून बघा.

'ख'मध्ये 'र'ची शेपटी 'व'च्या पोटाला खालून जोडलेली हवी. ती सुटली की वाचणारा 'रवलबत्ता' वाचतो. 'ल' मराठी वळणाचा हवा, पाकळीयुक्त. हिंदी वळणाचा 'ल' आला की वाचणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. 'श'चंही तेच. राज्य शासनाच्या २००९च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हीच रूपं दिली आहेत. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ लहान आकारात शाईनं भरते आणि मसाल्याचं नाव 'खलवत्ता' होतं. शेवटी 'त्ता': एकावर एक आडव्या रेघांचं जुनं रूप घ्या किंवा अर्धा 'त' आणि पूर्ण 'त' शेजारी ठेवा, दोन्ही चालतं, पाय मोडलेला 'त' दिसला तर मात्र फाइल बिघडलेली आहे.

फॉन्ट फुकट आणि चांगले मिळतात. गुगल फॉन्ट्सवर मुक्ता, बालू, हिंद, 'अनेक', यात्रा वन, टिरो देवनागरी मराठी हे मुक्त परवान्याचे आहेत आणि धंद्यासाठी वापरता येतात. टिरोच्या मराठी आवृत्तीत 'ल' आणि 'श' सरळ मराठी वळणाचे येतात. इतर काही फॉन्टमध्ये सॉफ्टवेअरची भाषा मराठी केली की बदलतात. फॉन्ट 'कुठूनतरी डाउनलोड केलेला' असेल तर त्याच्या परवान्याची फाइल शोधा. सापडली नाही तर तो फॉन्ट सोडा.

आता चुका, ज्या मी आठवड्यातून एकदा तरी बघतो.

अक्षरांमधलं अंतर वाढवणं. इंग्रजी लोगोत अक्षरं लांब लांब ठेवली की रुबाबदार दिसतात म्हणून कुणीतरी देवनागरीलाही तेच करतं. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे लोंबायला लागतात.

शिरोरेषा उडवणं. कधी कधी छान जमतं. पण 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' यांतला फरक शिरोरेषेच्या तुटण्यावर अवलंबून असतो. नावात यांपैकी एखादं अक्षर असेल तर रेषा राहू द्या.

बाहेरून जाड काठ देणं. देवनागरी फॉन्टमध्ये अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर थोडी चढलेली असतात. काठ दिला की प्रत्येक सांध्यावर उभी चीर दिसते. आधी अक्षरं जोडून एकसंध करून घ्या (कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरात त्याला 'वेल्ड' म्हणतात), मग काठ द्या.

मराठी आणि इंग्रजी एकाच पॉइंट साइझला ठेवणं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रांची, खाली उकारांची जागा सोडावी लागते, म्हणून मूळ अक्षर रोमन मोठ्या लिपीपेक्षा लहान दिसतं. आकडा बघू नका, डोळ्यांनी जुळवा.

आणि एक तांत्रिक भानगड. इलस्ट्रेटर या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये 'शिदोरी' टाइप केल्यावर पहिली वेलांटी 'श'च्या नंतर जाऊन बसली, तर फॉन्ट बदलत बसू नका. प्रेफरन्सेसमधल्या टाइप या भागात 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करा आणि परिच्छेदाच्या मेन्यूतून साउथ एशियन कंपोझर निवडा. फोटोशॉपमध्येही अशीच सेटिंग आहे.

*तपासा:* नाव एक इंच रुंदीचं छापा. ज्याला धंद्याचं नाव माहीत नाही अशा माणसाला तीन सेकंद दाखवा आणि मोठ्यानं वाचायला सांगा. तो अडखळला तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. घरच्यांना विचारून उपयोग नाही, त्यांना नाव पाठ असतं.

टप्पा ५. चिन्ह, लागलंच तर

चिन्ह सगळ्यांना लागत नाही. ते लागतं जिथे नाव मावत नाही तिथे, म्हणजे डीपी आणि टॅबवरचं चिन्ह. एकच वस्तू घ्या आणि काळ्या शाईनं काढा. खलबत्ता, मिरची, हळदीचं कांड, चूल आणि आजी हे सगळं एका गोलात आलं की ते यात्रेच्या पोस्टरसारखं होतं. ब्लॉगसाठी नावातलं एक अक्षर पुरतं, पण भरगच्च जोडाक्षर घेऊ नका. टॅबवर ते १६ पिक्सेलांत दिसणार आहे. तिथे 'क्ष'चा काळा ठिपका होतो, 'ग' किंवा 'प' तग धरतो. वर्डप्रेसला हे चिन्ह चौरस, ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं द्या.

टप्पा ६. रंग

काळ्यापांढऱ्यात जमल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही. रंग वाईट रेखाटन झाकतात आणि मग शिक्का करायच्या दिवशी ते उघडं पडतं. अजून एक फायदा: ट्रेडमार्क रंगाच्या मर्यादेशिवाय नोंदवला तर तो सगळ्या रंगांसाठी धरला जातो. म्हणजे अर्जातही काळंपांढरं चित्रच बरं.

दोन रंग घ्या, एक मुख्य, एक सोबतीचा. निवडताना पडद्याकडे बघू नका, मालाकडे बघा. पारदर्शक पाऊचमध्ये लाल तिखट भरलं आणि त्यावर लाल अक्षरं छापली, की दुकानाच्या फळीवर फक्त तिखट दिसतं, नाव नाही. खाकी क्राफ्ट पाऊचवर पिवळा विरतो आणि पांढरा उमटतच नाही, कारण साध्या छपाईत पांढरी शाई नसते. मोबाइलवर झगमगणारा पोपटी किंवा केशरी छापल्यावर मवाळ होतो. पडदा प्रकाशानं रंग दाखवतो, कागद शाईनं. आणि एकच फाइल दोन फ्लेक्स मशिनांवर दिली तर दोन रंग येतात. म्हणून मंजूर झालेल्या छपाईचा एक तुकडा जपून ठेवा आणि पुढच्या वेळी प्रेसमध्ये तोच दाखवा. "मागच्यासारखा लाल" या शब्दांना काही अर्थ नसतो.

सोनेरी छटा हवी असेल तर ती फॉइलनं मिळते. पिवळ्यातून तपकिरीत जाणारा ग्रेडियंट फ्लेक्सवर बरा दिसतो आणि झेरॉक्सवर चिखल होतो.

*तपासा:* साध्या मशिनवर झेरॉक्स काढा. मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढा. दुसरीवरही नाव वाचता आलं तर लोगो पास.

टप्पा ७. फायली आणि प्रेस

सुरुवातीच्या दिवसांत एका मिठाईवाल्याचे खोके माझ्या हातून बिघडले. 'प्रसन्न' हा शब्द माझ्या मशिनवर नीट होता. फाइल प्रेसला पाठवली, तिथे तो फॉन्ट नव्हता, मशिननं दुसरा घेतला आणि खोक्यावर पाय मोडलेल्या 'न'सकट 'प्रसन्‌न' छापलं गेलं. दिवाळीच्या तोंडावर. चूक पूर्ण माझी: अक्षरं कर्व्ह न करता फाइल दिली आणि प्रूफ बघायला गेलो नाही.

म्हणून प्रेसला जाणाऱ्या फाइलीत अक्षरं कर्व्ह केलेलीच हवीत, म्हणजे ती फॉन्ट न राहता आकार होतात. पण कर्व्ह न केलेली प्रत आधी वेगळी सेव्ह करा, नाहीतर पुढे एक अक्षर बदलायला सगळं नव्यानं करावं लागतं. प्रेसवाल्याला कोरलची कुठली आवृत्ती लागते ते विचारा आणि त्या आवृत्तीत उतरवून द्या. सोबत पीडीएफ द्या, म्हणजे मूळ कसं दिसायला हवं ते त्याला कळेल.

लेबलावरचा मजकूर युनिकोडमध्ये दिलात आणि प्रेसनं तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला, तर बदलानंतर पुन्हा वाचा. 'ऱ्या', 'ॲ', रफार आणि जोडाक्षरं इथेच घसरतात. 'खोबऱ्याची चटणी' हे तर हमखास.

तुमच्याकडे कायमच्या एवढ्या फायली असू द्या: मूळ वेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी धूसर न होणारी (कोरलची सीडीआर किंवा इलस्ट्रेटरची एआय), कर्व्ह केलेली पीडीएफ, वेबसाठी एसव्हीजी, पारदर्शक पार्श्वभूमीची मोठी पीएनजी आणि डीपीसाठी चौरस चित्र. पहिल्या चारही फायलींत लोगो रंगीत, काळा आणि गडद पार्श्वभूमीसाठी पांढरा अशा तिन्ही रूपांत हवा. जेपीजी एकटीच मिळाली असेल तर लोगो मिळालाच नाही, त्याचा फोटो मिळाला.

*सावधान:* व्हॉट्सॲपवर फाइल फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबला जातो आणि तोच धूसर फोटो पुढे फ्लेक्सवर दहा फुटांचा होतो. व्हिजिटिंग कार्ड किंवा लेबल असेल तर कडेनं ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) सोडा. अक्षरं कापायच्या रेषेपासून तेवढीच आत ठेवा.

टप्पा ८. पाटी

महाराष्ट्रात दुकान असेल तर पाटीचा नियम लोगोच्या आधी वाचा. दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही पाटीवर नाव मराठीत, देवनागरी लिपीत, सुरुवातीला लिहावं लागतं आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. वर भलंमोठं रोमन नाव आणि खाली मुंगीएवढं मराठी असा लोगो केला असेल, तर तो पाटीवर जसाच्या तसा चढणार नाही. दोन्ही लिप्यांत नाव हवं असेल तर सुरुवातीपासून दोन्ही रूपं काढा आणि देवनागरीला मुख्य धरा. (मद्यविक्रीच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत, हेही त्याच दुरुस्तीत आहे.)

पाटीवर फोन नंबर, मालकाचं नाव, 'आमच्याकडे लग्नाच्या ऑर्डरी घेतल्या जातात' हे सगळं घालायचा मोह होतो. रस्त्याच्या पलीकडून स्कूटरवरून जाणारा माणूस एक शब्द वाचतो. बाकी मजकूर काचेवर रेडियमनं लावा.

टप्पा ९. चिन्हाची नोंदणी

शब्दाचा अर्ज टप्पा २मध्ये झाला आहे. चिन्ह वापरात येऊन स्थिरावलं की त्याचा वेगळा अर्ज करा. अर्ज स्वीकारला गेला की ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि पुढचे ४ महिने कुणीही हरकत घेऊ शकतं. नोंदणी झाली की ती १० वर्षं चालते, नंतर नूतनीकरण करायचं.

टीएम ही अक्षरं नोंदणीपूर्वीही लावता येतात. गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच. नुसता अर्ज केला म्हणून तो लावणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि लेबलांवर तो सर्रास दिसतो. डिझायनरनं शोभेसाठी टाकला असेल तर काढायला लावा.

टप्पा १०. पहिली छपाई थोडीच

हजार लेबलं स्वस्त पडतात, हे गणित पहिल्यांदा विसरा. सुरुवात शिक्का आणि पन्नास स्टिकरांनी करा, मग लेबल, मग कॅरीबॅग. पाटी सगळ्यात शेवटी, कारण ती सगळ्यात महाग. पन्नासपैकी दहा स्टिकर चटणीच्या पाकिटांवर लावा आणि पाकिटं नेहमीच्या जागी, स्वयंपाकघरात, आठवडाभर राहू द्या. शेंगदाण्याच्या चटणीचं तेल साध्या कागदात चढतं आणि अक्षरांभोवती पिवळं कडं धरतं. तेलकट बोटांनी घासून शाई निघते का, तेही बघा. तसं झालं तर लोगोत काही बदलू नका, लॅमिनेशन केलेला किंवा प्लॅस्टिकचा स्टिकर मागा आणि आणखी दहा लावून बघा.